कानाने वाचलेलं पण वाचनात धरा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत वाचकांना ‘नुकतंच काय वाचलं, सध्या काय वाचताय, पुढे काय वाचणार’ असं विचारणारं सदर तुम्ही सुरू केलंत ते मला मनापासून आवडलं, कारण दुसऱ्याच्या हातात कुठलं पुस्तक आहे हे बघायची मला लहानपणापासून सवय आहे. पण आत्तापर्यंत छापून आलेल्या एकाही यादीत ऐकलेलं पुस्तक नाहीये, आणि एका वाचकांनी तर ऐकणं म्हणजे वाचन नव्हे, तो आळस आहे असंच लिहिलंय. ते वाचून वाईट वाटलं. म्हणून माझी यादी पाठवतेय, आणि जोडीला एक मागणी आहे.

नुकतंच संपवलं ते मधु मंगेश कर्णिकांचं ‘माहीमची खाडी’. १९६९ सालचं पुस्तक, वाचनालयातली जुनी प्रत. हे मी कागदावरच वाचलं आणि बरं केलं, कारण त्या खाडीकाठच्या झोपड्यांतली माणसं ज्या हालात जगतात ते वाचताना मध्येच पुस्तक मिटून थोडा वेळ नुसतं बसावं लागतं, मग परत तेच पान उघडावं लागतं. माहीम आणि वांद्र्याच्या मध्ये गाडी खाडीवरून जाते तेव्हा आता मी मोबाईल खाली ठेवून बाहेर बघते.

सध्या दोन पुस्तकं चालू आहेत. रात्री घरी गोविंद नारायण माडगांवकरांचं ‘मुंबईचे वर्णन’, थोडं थोडं. पुस्तक १८६३ सालचं. बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी १८५३ साली धावली, म्हणजे मी मुलुंडहून रोज ज्या मार्गाने कामाला जाते तो सुरू झाल्यावर दहाच वर्षांनी हे लिहून झालं होतं, आणि त्यातले बाजार, देवळं, तळी, जत्रा वाचताना हे आपलंच शहर आहे यावर विश्वास बसत नाही. हे पुस्तक कोणी ऐकायला दिलं तर मी नाही म्हणेन, कारण त्यात मागे जाऊन बघावं लागतं, एखादी जागा आज नेमकी कुठे असेल हे शोधावं लागतं.

दुसरं चालू आहे ते कानाने. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’. आणि हे मी विकत घेतलेलं ऑडिओबुक नाहीये, माझी नाशिकची वहिनी ते वाचून व्हॉट्सॲपवर पाठवते. झालं असं की माझ्या आईला काचबिंदू आहे, अक्षरं दिसेनाशी झाली तशी ती वाचायची बंद झाली, आणि ज्या बाईने आयुष्यभर दुपारची भांडी आवरली की पुस्तक हातात घेतलं ती नुसती बसून राहायला लागली. वहिनी म्हणाली मी वाचून पाठवते. रात्री स्वयंपाकघर आवरलं की ती तिथेच ओट्यापाशी बसून एक तुकडा वाचते, मागे फ्रीजचा आवाज येतो, कधी मधेच दाराची बेल वाजते, तेही तसंच रेकॉर्ड होतं. आई दुसऱ्या दिवशी दुपारी ऐकते आणि मी लोकलमध्ये. घाटकोपरला मेट्रोची गर्दी आत आली की लेडीज डब्यात पुस्तक धरायला हात मोकळा राहत नाही, वरची कडी धरायची का पान उलटायचं, पण कानात लक्ष्मीबाई चालू असतात आणि दादर कधी गेलं कळत नाही.

हे पुस्तक कानासाठीच लिहिलंय असं मला आता वाटायला लागलंय. पहिला भाग १९३४ साली आला. लक्ष्मीबाई शाळेत गेलेल्या नाहीत, लग्नानंतर लिहायला वाचायला शिकल्या, त्यामुळे त्यांचं लिहिणं म्हणजे समोर बसून बोलणंच आहे. जलालपूरच्या घरातलं वडिलांचं ते टोकाचं सोवळं त्या ज्या सुरात सांगतात ते ऐकताना आई मोठ्याने हसली, आणि पुढे १८९५ साली त्यांचे पती, कवी नारायण वामन टिळक, मुंबईत ख्रिस्ती झाले ती बातमी घरी पोचते तिथे आईने मला फोन बंद करायला लावला, म्हणाली आज एवढंच, उद्या पुढचं ऐकू. मला सांगा, हे वाचन नाही तर काय आहे? हेच पुस्तक मी कॉलेजात असताना परीक्षेपुरतं डोळ्यांखालून घातलं होतं, पण त्यातली बाई मला खरी भेटली ती आत्ता.

आणि ऐकणं आपल्याकडे नवीन कुठे आहे. पोथी एकजण वाचणार आणि घर ऐकणार हे पिढ्यानपिढ्या चालत आलंय. गो. नी. दांडेकरांच्या कादंबऱ्यांची अभिवाचनं त्यांची मुलगी डॉ. वीणा देव आणि घरच्यांनी गावोगाव केली, लोक तासन्‌तास बसून ऐकायचे, त्यांना कोणी आळशी म्हटलं नाही. अंध वाचकांसाठी बोलकी पुस्तकं तर ॲप यायच्या कितीतरी आधी कॅसेटवर होती.

आता तक्रारही लिहिते, कारण सगळंच गोड नाहीये. एका ॲपवर मी पैसे भरून एक जुनी कादंबरी ऐकली, छान वाटली, मग वाचनालयातून प्रत आणली तर अख्खी प्रकरणंच गाळलेली, आणि संक्षिप्त आहे असं कुठेही लिहिलेलं नाही. दुसऱ्या एका पुस्तकात आवाज मशीनचा निघाला. आपल्याकडे ‘चमचा’ आणि ‘चमचे’ यातला शेवटचा च वेगळा बोलतात, लिहिताना मात्र एकच अक्षर, हे माणसाला लहानपणापासून येतं, त्या मशीनला येत नव्हतं, आणि प्रत्येक वाक्यात असं काहीतरी खडा लागल्यासारखं येत राहिलं, शेवटी आईनेच बंद कर म्हटलं. ज्याला दिसत नाही त्याने तक्रार तरी कशी करायची, त्याच्यासमोर दुसरी प्रत थोडीच आहे पडताळून बघायला.

यावर उपाय आपल्याच हातात आहे. आपल्या कायद्याप्रमाणे लेखक गेल्यावर ६० वर्षांनी पुस्तकाचे हक्क खुले होतात. लक्ष्मीबाई १९३६ साली गेल्या, हरि नारायण आपटे १९१९ साली, साने गुरुजी १९५० साली, म्हणजे त्यांच्या हयातीत छापलेली ही सगळी पुस्तकं आज कोणीही वाचून रेकॉर्ड करू शकतं, कोणाची परवानगी नको, फक्त नव्या आवृत्तीतल्या संपादकांच्या प्रस्तावना आणि टीपा वाचायच्या नाहीत, त्या त्यांच्या असतात. अण्णाभाऊ साठे १९६९ साली गेले, म्हणून ‘फकिरा’साठी २०२९ संपेपर्यंत रीतसर परवानगी घ्यावी लागेल. आणि ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी तर २०१२ सालच्या दुरुस्तीने कायद्यातच सवलत दिलीय, पुढे दृष्टिहीनांना पुस्तकं मिळावीत म्हणून झालेल्या आंतरराष्ट्रीय मराकेश कराराला मान्यता देणारा पहिला देश २०१४ साली आपलाच होता. एवढं सगळं कागदावर असून माझ्या आईपर्यंत पुस्तक पोचलं ते वहिनीच्या फोनवरून.

मुंबईत मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयासारखी १८९८ पासूनची संस्था आहे, जवळपास प्रत्येक उपनगरात छोटी मोठी वाचनालयं आहेत, तिथे दुपारी पेपर चाळत बसणारे निवृत्त शिक्षक, बँकेतले लोक, नाटकात काम केलेल्या बायका असतात, ज्यांचं वाचन आणि उच्चार दोन्ही स्वच्छ. एक शांत खोली, दारं खिडक्या बंद, पंखाही बंद, एक साधा माइक, आणि ऐकून चुका काढणारा दुसरा माणूस, एवढ्यावर काम सुरू होतं. पुस्तक पूर्ण वाचायचं, कोणी वाचलं त्याचं नाव सुरुवातीला सांगायचं, आणि सभासदांना पुस्तकासारखंच घरी न्यायला द्यायचं. शासनाचं अनुदान तुटपुंजं असतं हे मला माहितीये, पण याला खर्चापेक्षा चिकाटी जास्त लागते.

पुढच्या यादीत माझ्याकडे गोडसे भटजींचा ‘माझा प्रवास’ आहे. पेणजवळच्या वरसईचा एक गरीब भिक्षुक १८५७ साली चार पैसे मिळवायला उत्तरेत जातो आणि झाशीच्या वेढ्यात सापडतो, हे मी डोळ्यांनी वाचणार कारण सोबत नकाशा लागणार. आणि कानासाठी आपट्यांचं ‘पण लक्षांत कोण घेतो’, ते त्यातली यमू स्वतःच्या तोंडाने सांगते म्हणून निवडलं, आईनेही तेच मागितलंय.

तुम्हाला विनंती एवढीच की सदरात ‘काय ऐकताय’ हाही प्रश्न घाला, आणि ऐकलेल्या पुस्तकासमोर वाचणाऱ्याचं नाव, पूर्ण की संक्षिप्त आणि आवाज माणसाचा की मशीनचा हे छापत चला. मुलुंड भांडुपकडचं एखादं वाचनालय खोली द्यायला तयार असेल तर यमूची गोष्ट वाचायला मी शनिवारी दुपारी येईन, वहिनीही सुट्टीत नाशिकहून येते म्हणालीय.

आपली,
एक वाचक आणि श्रोती, मुलुंड पूर्व