उकळल्याने फ्लोराइड जात नाही

संपादक महोदय,

गरोदरपणी फ्लोराइडयुक्त पाणी प्यावे की नाही, यावर हिरिरीने वाद घालणारे दोन्ही पक्ष मुख्य प्रश्न विचारतच नाहीत: लिटरला किती मिलिग्रॅम? दातांसाठी मुद्दाम मिसळायचे प्रमाण अमेरिकेत २०१५ पासून ०.७ आहे, तर जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा १.५. रसायनांचे विषारी परिणाम तपासणाऱ्या अमेरिकेच्या सरकारी ‘नॅशनल टॉक्सिकॉलॉजी प्रोग्रॅम’ने २०२४ च्या अहवालात मुलांच्या कमी बुद्ध्यंकाशी संबंध जोडला तो १.५ च्या वरच्या पाण्याचा. ०.७ बद्दल निष्कर्ष काढण्याइतकी माहिती नाही, असेही त्याच अहवालात आहे. चर्चेत नेमके हेच वाक्य गळते.

म्हणून विषय मिटला असेही नाही. फ्लोराइड वारेतून गर्भापर्यंत पोचते. कॅनडातील २०१९ च्या अभ्यासात आईच्या लघवीत लिटरमागे १ मिलिग्रॅम फ्लोराइड जास्त, तर मुलग्यांचा बुद्ध्यंक सरासरी साडेचारने कमी आढळला. मुलींत तसे दिसले नाही. डेन्मार्कमध्ये असा संबंध सापडलाच नाही. दुसरीकडे, आईने फ्लोराइड घेतल्याने पोटातल्या बाळाचे दात बळकट होतात, हेही सिद्ध झालेले नाही. फ्लोराइडचे काम मुख्यतः उगवलेल्या दाताच्या पृष्ठभागावर चालते.

तेव्हा आधी पाणी तपासून घ्यावे. नमुना काचेच्या नव्हे, स्वच्छ प्लास्टिकच्या बाटलीत न्यावा. टीडीएस मीटरवर विसंबू नये. तो एकूण क्षार दाखवतो, त्यात फ्लोराइड किती हे त्याला कळत नाही. पाणी उकळल्याने जंतू मरतात, फ्लोराइड मात्र भांड्यातच राहते: १.२ प्रमाणाचे दोन लिटर पाणी आटून दीड लिटर झाले, की प्रमाण १.६. साधा कार्बन फिल्टरही उपयोगाचा नाही. आरओने बहुतेक फ्लोराइड निघते, पण मेम्ब्रेन जुना झाला की ते पुन्हा पाण्यात येऊ लागते, आणि चवीवरून ते ओळखता येत नाही. सक्रिय अ‍ॅल्युमिनाचा (फ्लोराइड धरून ठेवणाऱ्या दाण्यांचा) फिल्टरही चालतो, मात्र ते दाणे वेळच्या वेळी रसायनाने धुऊन पुन्हा कार्यक्षम न केल्यास तो नावापुरताच उरतो.

प्रमाण १.५ च्या वर निघाले तर पिण्याचे आणि स्वयंपाकाचे, दोन्ही पाणी बदलावे. भात-डाळ पाणी शोषते हे विसरले जाते. काळ्या चहातूनही बरेच फ्लोराइड पोटात जाते. टूथपेस्ट सोडण्याची गरज नाही, ती गिळू नये एवढेच.

बाळंतपणानंतर अंगावरच्या दुधाची काळजी नको, त्यात फ्लोराइड अगदी नगण्य उतरते. पावडरचे दूध मात्र ज्या पाण्यात कालवाल, त्यातले सगळे फ्लोराइड बाळाच्या पोटात जाते.