काटा चालू ठेवूनही बॅकअप घेता येतो

संपादक महोदय,

दिवाळीनंतर बाजार समितीच्या आवारात आणि जिनिंगच्या फाटकावर कापसाच्या गाड्यांची रांग लागली, की वजनकाट्याचा सर्व्हर रात्री उशिरापर्यंत बंद ठेवता येत नाही. मग बॅकअप ‘सीझन उरकल्यावर’ या सबबीवर ढकलला जातो. काटापट्ट्या आणि हिशेबपट्ट्या सर्वांत जास्त बनतात त्याच महिन्यांत असे होते. वास्तविक सर्व्हर लिनक्सवर असेल आणि डिस्कची विभागणी एलव्हीएमने (डिस्कचे ‘व्हॉल्यूम’ नावाचे भाग पाडून सांभाळणारी लिनक्समधली सोय) केलेली असेल, तर काम न थांबवता व्हॉल्यूमचा स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणाचे गोठवलेले रूप, घेऊन त्यावरून बॅकअप काढता येतो.

स्नॅपशॉट घेताना सगळा डेटा कॉपी होत नाही, म्हणून तो काही सेकंदांत तयार होतो. त्यानंतर मूळ व्हॉल्यूमवर एखादा ब्लॉक (डिस्कवरचा छोटा तुकडा) पहिल्यांदा बदलताना त्यातला जुना मजकूर स्नॅपशॉटच्या जागेत जातो. तोच ब्लॉक पुढे शंभरदा बदलला तरी पुन्हा जागा लागत नाही. म्हणून स्नॅपशॉटचा आकार डिस्क केवढी आहे यावर ठरत नाही. बॅकअप चालू असताना किती लिहिले जाईल, यावर ठरतो. तासाला ३ जीबी बदल होत असतील आणि कॉपीला २ तास लागत असतील, तर ६ जीबी लागतील, सावधगिरी म्हणून दुप्पट, १२ द्यावेत.

ही जागा व्हॉल्यूम ग्रुपमध्ये (ज्या सामायिक साठ्यातून व्हॉल्यूमना जागा मिळते त्यात) मोकळी असावी लागते आणि घोडे इथेच अडते. अनेक ठिकाणी इन्स्टॉल करतानाच सगळी डिस्क वाटून टाकलेली असते. ‘व्हीजीएस’ कमांड दिली की मोकळी जागा शून्य दिसते. नव्या सर्व्हरची ऑर्डर देतानाच १५ ते २० टक्के जागा न वाटता ठेवा, असे पुरवठादाराकडून लिहून घ्यावे.

डेटाबेस मायएसक्यूएल असेल तर आधी सर्व टेबलांवर रीड लॉक (वाचता येते, पण लिहिता येत नाही) लावावा, तेच सेशन उघडे ठेवून दुसऱ्या खिडकीतून ‘एलव्हीक्रिएट’ने स्नॅपशॉट घ्यावा आणि लगेच लॉक काढावा. लॉक लावलेले सेशन बंद केले की लॉकही सुटतो, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. टेबले इनोडीबी या प्रकारची असतील तर लॉक न लावताही डेटाबेस लॉगवरून (बदलांच्या नोंदवहीवरून) स्वतःला सावरतो; मात्र डेटा आणि लॉग एकाच व्हॉल्यूमवर हवेत. दोन व्हॉल्यूमचे दोन स्नॅपशॉट वेगवेगळ्या क्षणांचे असतात, ते एकमेकांशी जुळत नाहीत.

यानंतर स्नॅपशॉट फक्त वाचण्यासाठी माउंट करून (फाइली दिसतील असा जोडून) बाहेरच्या डिस्कवर कॉपी करावी. फाइल सिस्टीम एक्सएफएस असेल तर माउंट करताना ‘नोयूयूआयडी’ हा पर्याय द्यावा लागतो, नाहीतर मूळ व्हॉल्यूम आणि स्नॅपशॉट यांची ओळख सारखी म्हणून माउंट नाकारले जाते. कॉपी होत असताना ‘एलव्हीएस’ कमांडमधला डेटा टक्का (स्नॅपशॉटची जागा किती भरली ते) पाहत राहावा. तो १०० वर गेला की स्नॅपशॉट बाद. मूळ डेटाला धक्का लागत नाही, पण अर्धवट कॉपी फेकावी लागते. एलव्हीएमच्या सेटिंगमध्ये ७० टक्क्यांना आकार आपोआप वाढवण्याची सोय आहे, पण मुळात तो आकडा १०० म्हणजे बंद असतो. थिन पूल (व्हॉल्यूमना लागेल तशी जागा देणारा सामायिक साठा) वापरणाऱ्यांनी तर जास्तच जपावे: तिथे पूल भरला की मूळ व्हॉल्यूमवर लिहिणेही अडते, म्हणजे काटाच थांबतो.

काम झाले की माउंट काढून ‘एलव्हीरिमूव्ह’ने स्नॅपशॉट पुसावा. तसाच राहिला तर दर नव्या बदलामागे एक वाचन आणि जादा लिहिणे सुरू राहते; फिरत्या तबकडीच्या डिस्कवर पावती निघायला उशीर होऊ लागतो. ‘मर्ज’ करून मूळ व्हॉल्यूम स्नॅपशॉटच्या क्षणापर्यंत मागे नेण्याची सोयही आहे, पण ती घाईत वापरू नये. स्नॅपशॉटनंतरच्या सगळ्या नोंदी त्यात नष्ट होतात आणि स्नॅपशॉटही संपतो.

काही पतसंस्थांमध्ये स्नॅपशॉटलाच बॅकअप समजून स्वस्थ बसतात. न बदललेले ब्लॉक मूळ व्हॉल्यूममधूनच वाचले जातात, त्यामुळे डिस्क गेली की दोन्ही जातात. विंडोजच्या शॅडो कॉपीचेही (तिथली स्नॅपशॉटसारखीच सोय) तसेच आहे: ठरवलेली जागा भरली की जुन्या प्रती मुकाट्याने पुसल्या जातात आणि खंडणीखोर व्हायरस अनेकदा आधी त्यांच्याच मागे लागतो. बाहेरच्या डिस्का किमान दोन ठेवाव्यात, आलटून पालटून लावाव्यात आणि कॉपी झाल्यावर काढून दुसऱ्या इमारतीत न्याव्यात.

— संगणक देखभाल करणारे दोघे, आर्वी, जि. वर्धा