पेलेटचे डबे हवेत, आणि धीर धरणारी माणसंही

आमच्या महिला मंडळाचा एअर रायफल आणि एअर पिस्तूलचा वर्ग दसरा झाला की पुन्हा सुरू होतोय. कोथरूडमधल्या एका मंगल कार्यालयाचा वरचा हॉल आम्हाला रविवारी सकाळी मिळतो. लग्नाचा मुहूर्त असला की मिळत नाही, ते ओघानं आलंच. यंदा नावं भरपूर आली आहेत, सामान मात्र गेल्या वर्षीचंच आहे. म्हणून हे आवाहन.

पहिल्यांदा एक गोष्ट स्पष्ट करून टाकतो. एअर पिस्तूल ही पर्समध्ये टाकून लक्ष्मी रोडवर फिरायची वस्तू नाही. तसल्या अपेक्षेनं चौकशीला येणाऱ्यांना आम्ही चहा पाजून परत पाठवतो. आमच्याकडे येणाऱ्या बायकांना बंदुकीची भीती वाटते आणि ती जावी असं त्यांना स्वतःलाच वाटतं, एवढा साधा मामला आहे. कुणी पोलीस भरतीची तयारी करतेय. कुणाला सिक्युरिटीच्या नोकरीत पुढे जायचंय. कुणाची मुलगी एनसीसीच्या कॅम्पमध्ये फायरिंग करून आली आणि आईला नुसतं ऐकूनच घाम फुटला. एक काकू तर बँकेच्या दारात दुनळी घेऊन बसलेला वॉचमन दिसला की बाहेरूनच परत फिरायच्या आणि पैसे काढायला मुलाला पिटाळायच्या.

यातल्या कितीतरी जणींची भीती घरच्यांनीच पक्की केलेली असते. गावाकडे पीक संरक्षणाच्या परवान्यावरची बारा बोअर असते, दिवाळीत सगळे जमतात आणि कुणीतरी भाऊजी म्हणतात, "एकदा उडवून बघ, भीती मोडेल." दस्ता खांद्यात नीट बसवलेला नसतो, कानात कापूससुद्धा नसतो. धडाका होतो, खांदा काळानिळा पडतो आणि अंगणभर हसं होतं. त्यानंतर ती बाई बंदुकीचं नाव काढत नाही. आम्हाला विचाराल तर त्यात तिचं काही चुकत नाही.

आमच्याकडे पहिल्या रविवारी कुणी गोळी झाडत नाही. रायफल टेबलावर ठेवलेली असते, बोल्ट उघडा, आणि नळीतून आरपार नारिंगी दोरी घातलेली. दोरी दोन्ही टोकांना दिसली म्हणजे आत पेलेट (एअर गनची बारीक गोळी) नाही, हे बघायला कुणाच्या शब्दावर विश्वास ठेवावा लागत नाही. जिला हात लावायचाय तिनं लावावा, नसेल लावायचा तर बसून बघावं. मग कुठला डोळा प्रबळ आहे, म्हणजे नेम धरताना नजर कुठल्या डोळ्यावर भिस्त ठेवते, ते तपासतो. उजव्या हाताच्या काही बायकांचा डावा डोळा प्रबळ निघतो. "मला नेमच धरता येत नाही" या तक्रारीचं मूळ पुष्कळदा तिथंच असतं. त्यानंतर रिकामा ट्रिगर दाबायचा सराव. नळीवर एक नाणं ठेवायचं आणि ते न पाडता ट्रिगर ओढायचा. नाणं पडलं की कुणी काही बोलायची गरजच उरत नाही.

पेलेट भरायची वेळ येते तेव्हाही समोर निशाण्याचं कोरं कार्ड असतं, काळं वर्तुळ नसलेलं. चुकायला काही नसतं, त्यामुळे हात सैल राहतो. रायफल वाळूच्या पिशवीवर टेकवलेली असते. एअर रायफलचा आवाज फटाक्याच्या पासंगालाही पुरत नाही, तरी मागणारीला आम्ही कानावर मफ देतो. खरा दचका गोळी सुटण्याआधी बसतो: शरीर आवाजाची वाट बघत असतं, डोळे मिटतात, मनगट झटका देतं आणि नेम खाली जातो. त्यावर उपाय म्हणजे, आधी सांगून, काही वेळा पेलेट न भरताच पिस्तूल हाती द्यायचं. 'टक्' एवढाच आवाज येतो आणि नळीनं मारलेली डुबकी तिची तिलाच दिसते. हे कुणाला दोन रविवारांत जमतं, कुणाला दोन महिने लागतात. घाई आम्ही करत नाही, आणि त्यामुळेच सामान जास्त लागतं.

तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोनमध्ये (रायफल, पालथं झोपून) विश्वविजेती झाली, राही सरनोबतनं २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलात सुवर्णपदक जिंकलं. दोघीही कोल्हापूरच्या. आमच्या बायकांना त्यांचं भारी कौतुक आहे. पण १० मीटर रायफलच्या कार्डावरचा दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो, आणि आमच्यातल्या बऱ्याच जणी अजून कार्डाला भोक पडलं यातच खूश आहेत.

आता मागणं. सगळ्यात आधी ४.५ मिमीचे पेलेट, चपट्या तोंडाचे. टोकदार आणू नका, कार्ड फाटतं आणि गुण मोजता येत नाहीत. एकीला एका रविवारी साधारण ४० पेलेट लागतात, म्हणजे ५०० चा एक डबा तिला तीन महिने पुरतो. शिवाय कार्ड, पेलेट अडवायचे लोखंडी ट्रॅप, हवेच्या सिलिंडरसाठी चांगला हातपंप आणि डावखुऱ्या बायकांसाठी पिस्तुलाची एक ग्रिप, म्हणजे मूठ. ग्रिप आत्ता एकही नाही, आणि डावखुऱ्या तिघी वाट बघतायत. पेलेट शिशाचे असतात, म्हणून साबण आणि हात पुसायचे नॅपकिनही द्या. (गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांना आम्ही थांबायला सांगतो. नाव राखून ठेवतो.)

घरी पडून असलेली एअर रायफल द्यायची असेल तर बिलासकट आणा. ०.१७७ इंच (म्हणजे ४.५ मिमी) बोअरच्या आणि २० जूलच्या आतल्या ताकदीच्या एअर गनला परवाना लागत नाही, तेवढीच आम्ही घेतो. परवान्याचं शस्त्र, कितीही प्रेमानं दाखवायचं असलं तरी, हॉलमध्ये आणू नये.

माणसंही हवीत. सैन्यातून, पोलिसांतून निवृत्त झालेले, नेमबाजी शिकवू शकणारे स्त्री-पुरुष, कुणीही चालेल. अट एकच: शिकणारीच्या हातातून बंदूक काढून घेऊन "अशी धरायची" म्हणायचं नाही. तोंडानं सांगा आणि तिला जमेपर्यंत थांबा. ज्यांना नेमबाजीतलं काही कळत नाही त्यांनी मुलं सांभाळायला यावं. लहान मुलांच्या आया वर्ग सोडतात त्या बहुतेक याच कारणानं.

वस्तू मंडळाच्या कार्यालयात संध्याकाळी ५ ते ७ या वेळात आणून द्या. पैसे द्यायचे असतील तर चेक मंडळाच्या नावानं, आणि पावती मागून घ्या. कुणाच्या हाती रोख देऊ नका, आमच्यापैकी कुणी मागितली तरी. वर्ग बघायला यायचं असेल तर रविवारी सकाळी ८ च्या आत या. दार एकदा बंद झालं की सगळ्या बंदुका खाली ठेवून नळीत दोऱ्या घालेपर्यंत ते उघडत नाही.