सरडा, वाळवंट आणि बँकेतलं पाणी

प्रिय मित्रा,

पोरांसोबत बसून आपणही मनापासून बघावा असा एखादा कार्टून सिनेमा सांग, असं तू लिहिलं होतंस. उत्तराला उशीर झाला, कारण मधल्या काळात आम्ही ‘रँगो’ दोनदा बघितला. पहिल्यांदा लेकीच्या हट्टापायी, दुसऱ्यांदा माझ्या.

२०११ सालचा सिनेमा आहे. दिग्दर्शक गोर व्हर्बिन्स्की. अमेरिकेतल्या मोजावेच्या वाळवंटातून जाणाऱ्या गाडीतून काचेची पेटी खाली पडते आणि आतला पाळीव सरडा भर उन्हात रस्त्यावर येतो. आजवर त्याच्या सोबतीला काय होतं? चावीचा प्लास्टिकचा मासा आणि एका बाहुलीचं धड. त्यांनाच घेऊन तो नाटकं करायचा. आता पहिल्यांदाच त्याला कुणीतरी विचारतं, तू कोण? आणि त्याच्याकडे उत्तर नसतं.

सरड्यासारखे रंग बदलतो, असं आपण किती सहज म्हणतो! इथे त्याच सरड्याचा जीव त्या रंग बदलण्यानंच कासावीस झालाय. ‘डर्ट’ नावाच्या गावात दारूच्या गुत्त्यात सगळे त्याच्याकडे रोखून बघत असतात. समोरच्या बाटलीवर ‘डुरँगो’ लिहिलेलं असतं. त्यातलं शेवटचं तेवढं उचलून तो छातीठोक सांगतो, मी रँगो! मग थापांवर थापा, आणि गाव त्याला शेरीफ, म्हणजे गावचा पोलीसप्रमुख, करून टाकतं. लेक खदखदून हसत होती. मला मात्र नव्या शहरात नोकरीला लागलो तो पहिला दिवस आठवला. भीती लपवायला किती मोठ्यानं बोललो होतो मी!

पण मी तुला लिहायला बसलो ते बँकेच्या प्रसंगामुळे. गावाची बँक आहे, भलीमोठी पोलादी तिजोरी आहे. ती उघडते आणि आत पाण्याची बाटली, ऑफिसात कूलरवर उलटी ठेवतात तसली. तळाशी थोडंसं पाणी. गावाची सगळी ठेव तेवढीच. लेकीनं विचारलं, “बाबा, बँकेत पाणी कशाला ठेवलंय?” मी तिला २०१६ चा एप्रिल सांगितला. आपलं लातूर, टाक्यांपाशी लावलेली जमावबंदी, आणि मिरजेहून आलेली पाण्याची रेल्वे. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. ती ऐकतच राहिली. तिला हे सांगायला मला एका कार्टूनची वाट बघावी लागली, ह्याचं वाईट वाटलं रे.

त्या गावचा महापौर एक म्हातारं कासव आहे, चाकाच्या खुर्चीत बसून अतिशय गोड बोलणारं. पाणी ज्याच्या हातात, सगळं त्याच्या हातात, हे त्याचं तत्त्व. गाव तहानेनं टेकीला आलं की जमिनी पडत्या भावात मिळतात. तिकडे अमेरिकेत असं खरंच घडलंय. १९१३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ओवेन्स खोऱ्याचं पाणी कालव्यानं लॉस एंजेलिसला नेलं, आणि पुढच्या काही वर्षांतच तिथला ओवेन्स तलाव कोरडा पडला. पोरांना ह्यातलं काही माहीत नसलं तरी अडत नाही. ‘कासव लबाड आहे’ हे त्यांना आपल्या आधी कळतं.

कलाकारांचे आवाज एकेकट्याला खोलीत बसवून घेतलेले नाहीत. रँगोचा आवाज देणाऱ्या जॉनी डेपनं आणि बाकीच्यांनी एकत्र उभं राहून, टोप्या घालून, धावत-पडत प्रसंग केले. म्हणूनच बोलताना त्यांचा श्वास खरा लागतो. चित्रं ‘इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिक’ ह्या स्पेशल इफेक्ट्स करणाऱ्या कंपनीची. त्यांचा हा पहिलाच पूर्ण ॲनिमेशनपट, आणि त्याला ऑस्करही मिळालं. कातडीवरचे खवले, मिशांवरची धूळ, सगळं हाताला लागेल असं वाटतं. कुणीच गोंडस नाही. मला तेच फार आवडलं.

धाकट्याला मात्र जवळ घेऊन बस. जेक नावाचा खुळखुळ्या साप येतो, त्याच्या शेपटीला बंदूक आहे. आमची लेक पांघरुणात शिरली होती. तोच जेक सगळ्यांसमोर रँगोची थाप उघडी पाडतो आणि हा मान खाली घालून गाव सोडतो. मग रात्री, दोन्हीकडून गाड्या सुसाट जात असताना, तो महामार्ग ओलांडतो. धावत नाही, बघत नाही, नुसता चालत राहतो. तो प्रसंग चालू असताना आमच्या घरात कुणी हललंसुद्धा नाही.

पुढचं सांगत नाही. काकूंनाही सोबत बसव. इंग्रजी कळलं नाही तरी तिजोरीतली ती बाटली त्यांना बरोबर कळेल. बघून झाला की फोन कर, कितीही रात्र झाली तरी.

तुझाच,
लातूरचा दोस्त