मामीने सांगितलं ते अर्धंच आहे

निशी-कासाई, टोकियो
14 जून 2025

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

आई, फोनवर तू मला बोलूच दिलं नाहीस, म्हणून हे पत्र. ऑफिसातल्या एक ताई 20 तारखेला पुण्याला निघाल्या आहेत, त्यांच्याकडे देते आहे. सोबत पिशवी आहे. त्यातलं काय कोणाचं ते शेवटी लिहिते.

मेमध्ये मामा-मामी मुलांना घेऊन इथे आले होते, तेव्हा मी लाह्याच खाते असं मामीने तुला सांगितलं. ते खोटं नाही, पण अर्धंच आहे. मी मक्याच्या लाह्यांवर जगत नाही. घरी वरणभात होतो, भाजी होते, सगळं तुला माहीत आहे. मामीने पाहिलं ते डिस्नीलँडमधल्या एका दिवसाचं खाणं. तिथे लाह्या खायची एक रीतच आहे, आणि ती नीट सांगितल्याशिवाय तुझा जीव खाली पडायचा नाही.

आत शिरल्यावर निम्मी माणसं पाळण्यांकडे धावतात आणि निम्मी लाह्यांच्या गाडीकडे. एका गाडीवर एकच चव. एकीकडे कॅरॅमल, दुसरीकडे करी, तिसरीकडे सोया सॉस आणि लोणी. विनी-द-पू नावाच्या गोष्टीतल्या अस्वलाच्या खेळाजवळ मधाच्या लाह्या, कारण त्याला मध आवडतो. लाह्या साध्या खोक्यातही मिळतात, पण लोकांना हवी असते ती बकेट. प्लास्टिकची, झाकणाची, पट्टा लावलेली, कुठल्यातरी पात्राच्या नाहीतर गाडीच्या आकाराची. ती गळ्यात अडकवून दिवसभर हिंडायचं. बकेट महाग असते, पण एकदा घेतली की त्यात पुन्हा लाह्या भरून घेणं स्वस्त पडतं. म्हणून लोक मागच्या खेपेची बकेट घरून घेऊन येतात. लहान मुलंच नाहीत, आजी-आजोबासुद्धा. आमच्या ऑफिसातले एक पन्नाशीचे गृहस्थ ती गळ्यात घालून लोकलने घरी जातात आणि त्यांच्याकडे कोणी वळूनही पाहत नाही. नव्या बकेटसाठी तास-तास रांग लागते. कोणी कुरकुरत नाही, कोणी मध्ये घुसत नाही. आपल्याकडे जत्रेहून बत्तासे न घेता कोणी परतत नाही ना, तसंच समज. पहिल्या वर्षी मलाही काही कळेना, की जेवायच्या वेळी ही माणसं लाह्यांच्या रांगेत का उभी राहतात. आता माझ्याकडेही दोन बकेटी आहेत.

राहिली गोष्ट डब्याची. मामी पहाटे चारला उठली होती. माझ्या एवढ्याशा ओट्यावर तिने दशम्या लाटल्या, शेंगदाण्याची चटणी बांधली. बाहेरचं खाणं आत नेता येत नाही, हा नियम मला माहीत होता. पण तिला आदल्या रात्री सांगणं मला जमलं नाही. पिशव्या तपासतात तिथे पोचल्यावर सांगितलं आणि डबा लॉकरमध्ये ठेवला. ती काही बोलली नाही. तिने तुला हे सांगितलं का? नसेल सांगितलं. दुपारी तीनला आम्ही सगळे बाहेर आलो. फाटकाबाहेर बसून खायला जागा केलेली आहे, तिथे दशम्या खाल्ल्या आणि परत आत गेलो. तोवर तिच्या पोटात बटाट्याच्या काचऱ्या आणि लाह्या एवढंच होतं. ते मला लागलंय, आई. तू विचारण्याआधीच लागलंय.

पण तिथे शाकाहारी माणसाला काहीच मिळत नाही, असं तिने म्हटलं असेल तर ते बरोबर नाही. मी 2019 साली पहिल्यांदा गेले तेव्हा काउंटरवर चित्राकडे बोट दाखवून मागायचे आणि हातात काय पडेल त्याची धास्ती असायची. आता मोबाईलवर पदार्थ निवडायचे, पैसे भरायचे, ठरलेल्या वेळेला जाऊन घ्यायचं. कशात अंडं, दूध, गहू, कोळंबी आहे तेही बघता येतं. अडचण इतकीच की ती यादी ॲलर्जी असणाऱ्यांसाठी आहे. मांस न खाणाऱ्याला हवी ती माहिती तिच्यात पूर्ण नसते. इथल्या भाजीच्या करीतही बहुतेकदा मांसाचा अर्क किंवा चरबी असते, म्हणून तोंडाने विचारावंच लागतं. मी विचारते. हंग्री बेअर म्हणून करी-भाताचं ठिकाण आहे. तिथे मामाने आणि मुलांनी पोटभर खाल्लं, मामीला मी काही दिलं नाही ते याचसाठी. मुलांनी खाल्लेले ते हिरवे गोळेही मामीने बघितले. वरची पारी तांदळाची, अगदी आपल्या उकडीसारखी मऊ, पण गार, आणि आत कस्टर्ड, चॉकलेट, स्ट्रॉबेरी. मला ते खाताना दर वेळी तुझे मोदक आठवतात.

बसून जेवायची जागा धरायची तर महिनाभर आधी, सकाळी दहाला, म्हणजे तुमच्याकडे साडेसहाला, मोबाईल घेऊन बसावं लागतं. मेच्या पहिल्या आठवड्यात इथे सगळ्या देशाला सुट्टी, त्यामुळे जागा मिळाली नाही. तुम्ही याल तेव्हा मी शेजारच्या डिस्नीसी नावाच्या दुसऱ्या बागेत नेईन. तिथे कस्बा नावाच्या ठिकाणी करीबरोबर नान मिळतो. मागच्या वर्षी 6 जूनला तिथे मोठा नवा भाग उघडला, त्यात खायची नवी ठिकाणंही झाली आहेत. यातलं तुम्हाला काय चालेल ते सगळं मी आधी विचारून ठेवीन.

बाबा, मामांनी बिअरचं सांगितलं म्हणे. डिस्नीलँड 15 एप्रिल 1983ला उघडलं तेव्हापासून तिथे दारू मिळत नव्हती. 1 ऑक्टोबर 2020पासून बसून जेवायच्या काही ठिकाणी जेवणाबरोबर मिळू लागली. मामांनी तिथले लोक घेताना पाहिलं असेल. मी घेत नाही, तेव्हाही घेतली नाही. मीही घेते का, असं तुम्ही विचारलंत याचं मात्र वाईट वाटलं.

पैसे सोमवारी पाठवले आहेत. या खेपेला थोडे कमी आहेत. येन पडल्यापासून तेवढ्याच पगाराचे रुपये कमी होतात, दुसरं काही कारण नाही. त्यातले आधी बाबांच्या मोतीबिंदूला काढा, घराचा हप्ता मी पुढच्या महिन्यात वेगळा पाठवते. ऑपरेशन पुढे ढकलू नका.

आणि मामीने त्या अमरावतीच्या मुलाबद्दलही सांगितलं असणार. तो आमच्याच ऑफिसात आहे. त्या दिवशी मामीसाठी तीन काउंटरवर विचारून आला, डबा घेऊन लॉकरपर्यंत गेला. साताऱ्याच्या स्थळाला अजून होकार कळवू नका, एवढंच सध्या म्हणते. बाकीचं समोर बसून बोलायचं आहे. 27 ऑगस्टला गणपती आहेत. रजेचा अर्ज दिलाय, रजा अजून मंजूर झाली नाही. मागच्या वर्षीसारखं होऊ नये म्हणून आधीच दिलाय.

पिशवीतली पत्र्याची डबी तुला, वेलदोड्यांना होईल. आतली बिस्किटं अंड्याची आहेत, ती शेजारच्या मुलांना दे. बकेट भाचीची. रिकामी पाठवते आहे, लाह्या तू भरून दे. रुमाल मामीला पोचव आणि तिला सांग, मी आठवण काढते.

तुमची धाकटी

ता. क. दशम्यांना दूध कोमट घ्यायचं की गार? परवा मी केल्या, त्या कडक झाल्या.