गाळ काढा, पण टिटवीची वीस पावलं सोडून

मा. मृद व जलसंधारण मंत्री,
महाराष्ट्र राज्य

साहेब, सप्रेम नमस्कार.

मी बीड जिल्ह्यातला कोरडवाहू शेतकरी. 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजना 2017 मध्ये आली. तिचा गाळ माझ्याही बरड रानात पडला आणि कापूस बरा आला. त्यामुळे गाळ काढण्याबद्दल तक्रार नाही. उन्हाळ्यात काढता म्हणूनही नाही. तळं आटल्याशिवाय गाळ निघणार कसा?

चैत्र सरत आला. ज्वारीवर उतरल्या की ज्यांना आम्ही गोफणीनं हाकलतो, त्या भोरड्या मध्य आशियाकडे परतल्या. थापट्या बदकंही गेली. आता तळं ओस पडलं, असं वाटतं तेव्हाच टिटवीचा संसार मांडला जातो. उघड्या पडलेल्या तळात, खड्यांमध्ये, चार अंडी. घरटं असं नाहीच. पाय पडेपर्यंत दिसत नाहीत. ऊन फार झालं की ती पोटाची पिसं पाण्यात भिजवून येते आणि अंड्यांवर बसते. असे 28 ते 30 दिवस. पिलं मात्र निघाल्यावर लगेच चालू लागतात, त्यांना जागा अडवून ठेवावी लागत नाही.

आमचे म्हातारे म्हणतात, टिटवीनं अंडी उंचावर घातली की पाऊस बक्कळ. त्याची हमी मी देत नाही. (हवामान खात्याची तरी कोण देतो!)

गेल्या वैशाखात आमच्या पाझर तलावात पोकलेन लागलं. टिटवी बकेटपुढे पंख पसरून ओरडत राहिली. चालक भला माणूस, यंत्र थांबवून खाली उतरला. पण भाडं तासावर, ट्रॅक्टर रांगेत. मी कार्यालयात फोन केला. उत्तर आलं, "अंदाजपत्रकात पक्ष्यांची तरतूद नाही." दुसऱ्या दिवशी तिथं खड्डा होता.

तरतूद लागतच नाही, साहेब. यंत्र उतरायच्या आदल्या दिवशी ग्रामपंचायतीनं दोन माणसं तळ्यातून फिरवावीत. टिटवीची, शेकाट्याची अंडी दिसली तिथं चुन्याची रेघ, भोवती वीस पावलं मोकळी, आणि खोदाई दुसऱ्या टोकाकडून. गुराखी पोरांना विचारलं तरी काम होतं, त्यांना सगळं ठाऊक असतं. कार्यारंभ आदेशात एवढी एक ओळ घाला.

यंदा अक्षय तृतीयेनंतर आमच्याकडे यंत्र येणार, असं ऐकतो. ओळ त्याआधी यावी.

आपला,
तळ्याकाठचा एक शेतकरी