सुट्टी मिळते, विसावा मिळत नाही

संपादक महोदय,

कामाच्या ठिकाणी मधली सुट्टी म्हणजे सगळ्यांनी जमून गप्पा मारायच्या, असे धरूनच चालतात. अंतर्मुख माणूस या सुट्टीतून उठतो तो आणखी थकून. त्याला शीण येतो तो सतत बोलण्या-ऐकण्याचा, आणि सुट्टीतही पुन्हा तेच! मन बाहेरच्या जगाकडे ओढ घेते की आतल्या विचारांकडे, यावरून मानसशास्त्रज्ञ कार्ल युंग यांनी १९२१ मध्ये अंतर्मुख आणि बहिर्मुख ही विभागणी मांडली. बुजरेपणा ही वेगळी गोष्ट आहे. तरीही बाजूला बसणाऱ्याला आजही शिष्ट ठरवले जाते, याचे वाईट वाटते.

अशा माणसाला दिवसातून तीन-चार वेळा, पाच ते दहा मिनिटांचा एकांत पुरतो. मात्र तो बैठक संपल्या संपल्या मिळायला हवा. तासाची बैठक ५० मिनिटांत आटोपली की तेवढी जागा होते. उठण्याआधी अर्धवट राहिलेले काम आणि त्याची पुढची पायरी कागदावर एका ओळीत लिहावी; नाहीतर डोक्यात तेच घोळत राहते. मग जिन्यात, गच्चीवर, रिकाम्या खोलीत, जिथे कोणी हाक मारणार नाही तिथे जावे. चार आकडे मोजत श्वास घ्यावा, सहा आकडे मोजत सोडावा, असे दोन-तीन मिनिटे. उच्छ्वास लांबला की हृदयाची गती मंदावते. चक्कर येत असेल तर श्वास फार खोल घेतला जातोय. तो नेहमीइतकाच ठेवावा. उरलेला वेळ खिडकीतून लांबवर नुसते पाहावे.

बहुतेकांचे बिनसते ते मोबाइलमुळे. संदेश वाचणे म्हणजेही माणसांना उत्तरे देणेच की. कानात कुणाची मुलाखत चालू असेल तरी तेच. दुसरी चूक म्हणजे पार थकेपर्यंत थांबणे. तोवर चिडचिड सुरू झालेली असते आणि दहा मिनिटे अपुरी पडतात. डुलकी घ्यायचीच तर २० मिनिटांच्या आत, गजर लावून. त्यापुढे झोप गाढ होते आणि उठल्यावर डोके जड राहते.

गर्दीच्या दिवशी हाच वेळ आधी कापला जातो, म्हणून तो वेळापत्रकात बैठकीसारखा लिहून ठेवावा. सहकाऱ्यांना ‘दहा मिनिटांत येतो’ एवढे सांगणे पुरे. व्यवस्थापकांना विनंती आहे : फोन आणि बोलणे वर्ज्य असलेली एक छोटी खोली ठेवा, आणि तिथे जाणाऱ्याला कारण विचारू नका.

– एक वाचक